चहा आणि पुरण

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहणारी प्रमोदिनी सरकारी कचेरीत टायपिस्ट होती, पण तिचा जीव बास्केटबॉलमध्ये. पंच्याऐंशी सालच्या कचेऱ्यांच्या स्पर्धेत फायनलला गाठ पडली ती दोन वर्षं त्यांच्या संघाला हरवणाऱ्या दुसऱ्या कचेरीशीच. या खेपेला हरलात तर बायकांचा संघ बंद, असं साहेबांनी बजावलं होतं.

समोरच्या पाचजणी ताडमाड. एकदा त्या स्वतःच्या बास्केटखाली येऊन उभ्या राहिल्या की मुंगीलाही वाट नाही. म्हणून त्या परतायच्या आत बॉल पुढे पोचला पाहिजे, एवढाच उपाय. अहिल्याने बॉल काढायचा, प्रमोदिनीने पुढे पळायचं. अहिल्या शेजारच्याच ब्लॉकमध्ये पोटभाड्याने राहणारी, मूळची अमरावतीची. दोघींनी खुणेचे शब्द ठरवले होते. झटपट हल्ला म्हणजे ‘चहा’, सावकाश म्हणजे ‘पुरण’. दिल्लीत कोणाला कळतंय?

देवाला हात जोडून प्रमोदिनी मैदानात उतरली. अहिल्याच्या हाती बॉल आला तशी ती सुसाट निघाली. वळून बघते तर अहिल्या बॉल आपटत चालत येतेय.

“चहा, अगं चहा!”

“दम खा जरा.”

तोवर पाचजणींची भिंत उभी. बॉल टाकायचे तीस सेकंद संपत आल्यावर कसाबसा फेकलेला बॉल बाहेर गेला. पुन्हा तेच, पुन्हा तेच. मग प्रमोदिनीने बॉल स्वतःच आणायला घेतला. पण पुढे पळणारी तीच, आता पास द्यायचा कोणाला?

तेवढ्यात समोरची पंजाबी कॅप्टन आपल्या मुलींना हसून म्हणाली, “आराम से आओ यार, आज पूरन ही पकेगा.”

प्रमोदिनी जागीच थिजली. हा शब्द हिच्या तोंडी कुठून आला? तिने अहिल्याकडे पाहिलं. अहिल्या बुटाची नाडी बांधायला खाली वाकली.

सामना गेला.

“त्यांच्याकडे जागा देतायत मला, पर्मनंट,” बसस्टॉपवर अहिल्या म्हणाली. “मी इथे रोजंदारीवर. तुला काय कळणार?”

“मला सांगायचंस तरी.”

“सांगितलं असतं तर बॉल दिला असतास मला?”

“नसता दिला,” प्रमोदिनी म्हणाली, आणि पुढची बस सोडून चालत घरी गेली.

संघ बंद झाला. संकष्टीची आरती आटोपली तर अहिल्या दर महिन्यासारखी दारात उभी, अंगात नव्या कचेरीचा ट्रॅकसूट. प्रसादाला कोणाला नाही म्हणत नाहीत. प्रमोदिनीने तिच्या हातावर मोदक ठेवला. आत ये मात्र म्हणाली नाही.