तिसऱ्या खांबापाशी उभे राहिलेले सासरे

शाळेवर माझ्या सासऱ्यांइतकं प्रेम केलेला माणूस जगात दुसरा नसेल, आणि वर्गात त्यांच्याइतका कमी वेळ बसलेलाही. मुलुंडच्या त्या जुन्या दगडी शाळेत त्यांचं बहुतेक शिक्षण व्हरांड्यात, शिक्षा म्हणून, उभ्याउभ्याने झालं. त्यामुळे व्याकरण आणि अंकगणिताचा त्यांना वाराही लागला नाही, पण इमारत मात्र तोंडपाठ झाली. कुठल्या कमानीतला कळीचा दगड किंचित खाली उतरलाय, व्हरांड्याच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार कुठून दिलाय, कुठल्या तुळईला सुताराची चूक झाकायला पट्टी मारलीय, सगळं त्यांना ठाऊक. ‘‘वर्गाच्या खिडक्या एवढ्या उंचावर कशाला, सांगा बघू जावयबापू,’’ ते विचारत. मी पदवीधर असल्यामुळे मला सांगता येत नसे. मग तेच सांगत, ‘‘बसलेल्या पोराला बाहेरचं काय दिसता नये, उभ्या मास्तराला सगळं दिसावं!’’ पुढे पाहुण्यांना इमारत दाखवताना हेच वाक्य मी हात पाठीमागे बांधून, स्वतःला आत्ताच सुचल्यासारखं म्हणू लागलो.

शाळा नव्या जागेत गेली आणि ऐंशी सालानंतर कधीतरी एका बिल्डरने जुन्या वर्गांत मधोमध भिंती घालून त्यांची घरं केली. सासरे तेव्हा विक्रोळीच्या कारखान्यातून निवृत्त होऊन भांडुपला राहत होते. सातवीचा अर्धा वर्ग विकाऊ आहे ही बातमी त्यांनीच आणली. घर बघायला गेलो तेव्हा मी नळाला पाणी किती वेळ येतं याची चौकशी करत होतो आणि ते व्हरांड्यातल्या एका खांबावर हात ठेवून उभे होते. ‘‘घ्या,’’ एवढंच म्हणाले. मी घेतलं. आयुष्यातले सगळे मोठे निर्णय मी याच पद्धतीने घेतले आहेत.

बिल्डरची भिंत नेमकी एका कमानदार खिडकीच्या पोटातून गेली होती. अर्धी खिडकी आमची, अर्धी शेजाऱ्यांची, त्यामुळे वारा हवा असला की भिंतीवर थापा मारून त्यांची संमती घ्यावी लागे. फळा आणि त्याच्यापुढचा मास्तरांचा चौथरा मात्र अख्खा आमच्या वाट्याला आला. नळ तिथेच निघाल्यामुळे स्वयंपाकाचा ओटा चौथऱ्यावर बांधला. तेव्हापासून बायको माझ्याशी पायरीभर वरून बोलते आणि मी खाली पाटावर बसून मान हलवतो. आमच्या संसारात यामुळे काही फरक पडला असं नाही, जे होतं त्याला फक्त बांधकामाचा आधार मिळाला.

सासऱ्यांची एक सवय मला भारी छळायची. दार सताड उघडं असलं तरी ते उंबऱ्याबाहेर थांबत, ‘‘आत येऊ?’’ असं विचारत, आणि आतून ‘या’ आल्याशिवाय पाऊल टाकत नसत. एकदा मी न्हाणीत होतो आणि बायको बाजारात. मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तर हे बांगड्यांची पिशवी धरून उंबऱ्याशी उभे आणि व्हरांड्यातली यच्चयावत मांजरं त्यांच्यापुढे रांगेत बसलेली. ‘‘अहो मामा, आपलंच घर ना?’’ मी म्हणालो. ‘‘तुम्ही ‘या’ म्हटलं नाय,’’ ते म्हणाले. एवढं होऊनही, आत आले की दाराजवळच्या स्टुलावर टेकत, त्याच्या पुढे जात नसत.

पहिल्या बाळाची चाहूल लागली तेव्हा अर्ध्या वर्गात पाळणा कुठे टांगायचा हा प्रश्न पडला. शेजारच्यांनी आपापल्या कमानी विटांनी बुजवून व्हरांड्यातून एकेक खोली काढायला सुरुवात केलीच होती. मीही गवंडी बोलावला. सासऱ्यांना हे सांगायचं काम मी शूरपणे बायकोवर टाकलं होतं, आणि तिने तेवढ्याच शूरपणे माझ्यावर.

त्यामुळे रविवारी ते मासळी घेऊन आले तेव्हा समोर विटांची चळत. त्यांनी पिशवी खाली ठेवली, आमच्या कमानीला लागून असलेल्या, व्हरांड्यातल्या तिसऱ्या खांबापाशी गेले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. गवंडी म्हणाला, ‘‘काका, सरका ना जरा.’’ हे ढिम्म. मी जागेची अडचण समजावली, बाळाचं नाव पुढे केलं, शेवटी चहाची लालूच दाखवली. तेव्हा नेहमी माझ्याशी जपून बोलणारे सासरे एकदम गावच्या बोलीत म्हणाले, ‘‘मास्तरांनी माका भायर उभो केल्यानी. आत ये, असा अजून म्हणूक नाय.’’

मला आधी हसू आलं. मग त्यांनी सांगितलं. सातवीत एक दिवस ते असेच या खांबापाशी उभे असताना त्यांचे वडील आले आणि मनगट धरून त्यांना परस्पर कामाला लावायला घेऊन गेले. त्यानंतर शाळा नाही. आत बोलावणं राहून गेलं ते राहूनच गेलं. म्हातारा मस्करी करत नव्हता. गवंडी उगाचच थापी पुसत बसला.

चौथऱ्यावर भाकऱ्या थापता थापता बायको सगळं ऐकत होती. पिठाचे हात तसेच ठेवून तिने तिथूनच, मास्तरांच्या जागेवरून, खणखणीत आवाज दिला. ‘‘बाबा, आत या बघू. बसा आपल्या जागेवर.’’

ते आले. दाराजवळच्या स्टुलाकडे त्यांनी पाहिलंही नाही. थेट आमच्या अर्ध्या खिडकीखाली, भिंतीला टेकून, मांडी घालून बसले. बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, ‘‘बांधा आता भिंत. माझं काय नाय.’’

यावर मी मोठ्या मनाने गवंड्याला परत पाठवलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. तो हुकूमही चौथऱ्यावरूनच आला. मी फक्त विटा परत नेऊन दिल्या.

पाळणा कमानीखाली, शाळेची घंटा जिथे टांगत त्या कडीला टांगला. दोरी सासऱ्यांच्या हातात असे. आता त्या व्हरांड्यात उघडी कमान आमची एकच उरलीय, आणि सासरे नाहीत. चौथऱ्यावरून माझा उद्धार झाला की मी मुकाट्याने जाऊन तिसऱ्या खांबापाशी उभा राहतो. खांद्याच्या उंचीला दगड गुळगुळीत झालाय, तिथे टेकायला बरं वाटतं. जरा वेळाने आतून ‘‘या आता’’ अशी हाक येते, आणि मी लगेच आत जातो.