ठिय्या मावशी

मावशी एकदा खाली बसल्या की त्यांना उठवणं कुणाच्या बापाला जमत नसे. अंगानं काटकुळ्या, पण मांडी घालून पदर खोचला की जमिनीतून उगवल्यासारख्या दिसायच्या. हिर्डोशीच्या अलीकडच्या आमच्या वाडीत त्यांना सगळे ठिय्या मावशीच म्हणत, आणि हे नाव त्यांनाही मनापासून आवडायचं.

नाव पडलं ते एसटीवरून. मी ज्या गाडीनं भोरच्या शाळेत शिकवायला जायचे, ती सकाळची गाडी बंद करायचं ठरलं, तेव्हा मावशी गाडीपुढं रस्त्यातच बसल्या. कंडक्टर हात जोडून म्हणाला, "मावशी, उठा, माझी नोकरी जाईल."

"तुजी न्हाई जायची. तुज्या सायबाला हितं बोलाव. त्यो येस्तोवर तू पन बस, गुळाचा च्या टाकते."

साहेब दुपारी आले. गाडी चालू राहिली. वाडीतल्या पोरी शिकल्या त्या त्याच गाडीनं.

रागावून बसणं त्यांना माहीत नव्हतं. "भांडाय उभं ऱ्हावं लागतं, मानूस दमतं. बसलं की बोलनं व्हतं," असं त्या म्हणायच्या.

वाडीच्या डोक्यावरच्या डोंगरातून झरा येतो, त्यावर आमची भातखाचरं. अलीकडं पाऊस वेडावाकडा झाला होता. लावणीला दडी, कापणीला धो धो. भोरच्या एका सभेत मावशींनी हवामान बदलाचं ऐकलं. कोळसा, डिझेल, विमानं, त्यांचा धूर आणि तापत चाललेली हवा. परतताना गाडीतून घाट दिसायला लागल्यावर म्हणाल्या, "म्हंजे पाऊस आपल्यावर रुसला न्हाई, बाई. मानसानंच त्याला तापवलाय."

त्यानंतर पलीकडच्या तालुक्यातला विमानतळ मोठा करायचं निघालं. धावपट्टी लांबवायला भराव हवा होता, आणि त्या भरावाच्या मुरमासाठी आमचा डोंगर. अर्जविनंत्या करून झाल्या, तरी ठेकेदाराचं खोदाईचं पोकलेन वर चढलंच. त्यात मावशींचा मुलगा संजय त्याच ठेकेदाराच्या डंपरवर लागला होता. त्या घरात महिन्याचा पगार पहिल्यांदाच येत होता.

पहिला भरलेला डंपर उतरणीला लागला, तेव्हा मावशी वाट अडवून बसलेल्या. मागं आम्ही वाडीतल्या बाया. स्टिअरिंगवर संजय.

"आये, ऊठ. लोकं बघत्यात."

"बघू दे की."

"माजं काम जाईल."

"जाईल. मला ठावं हाय." मावशींचा आवाज पहिल्यांदाच ओला झाला. "पर डोंगर गेला की झरा गेला. अन त्यो घालवायचा कशापायी? आनखी इमानं उडवाय, आनखी पाऊस बिघडवाय. तुला पटत आसंल तर घाल गाडी पुढं. न्हाईतर ये, भाकरी खा."

इंजिन बराच वेळ गुरगुरत राहिलं. मुकादम बाजूनं गाडी काढायला ओरडत होता. अखेर संजयनं किल्ली फिरवली, खाली उतरला आणि आईशेजारी मांडी घातली. मावशींनी फडकं सोडून भाकरीवर ठेचा ठेवला आणि ती त्याच्या हातात दिली. त्याची नोकरी त्याच दिवशी गेली.

मग आम्ही पाळीपाळीनं तिथं बसलो. नाचणी निवडली, गोधड्या शिवल्या. पोलिसांनी मावशींना व्हॅनमधून भोरला नेलं, संध्याकाळी सोडलं. सकाळी मावशी पुन्हा जागेवर. अखेर खोदाईच्या परवानगीची चौकशी लागली आणि पोकलेन खाली उतरलं. संजय पुढं भाजीचा टेम्पो चालवू लागला. मधल्या काळात घरात फार ओढाताण झाली, आणि मावशींनी ती कधी लपवली नाही.

वाडीत गुलाल उडाला. मावशी मात्र म्हणाल्या, "आपला वाचला. पर धावपट्टी व्हायचीच आसंल तर कुना दुसऱ्याचा डोंगर घेतील की."

आणि भाकऱ्या बांधून त्या थेट विमानतळाशेजारच्या गावी गेल्या. तिथली शेतं धावपट्टीत जाणार होती. ओळख ना पाळख. तरी मोजणीची माणसं आली की मावशी तिथल्या बायकांबरोबर बांधावर बसायच्या. पुढं हे जाणंयेणं कायमचंच झालं. धावपट्टीचं काम अजून अडलेलं आहे. पुढं काय होईल, कोण सांगणार?

एकदा मावशींनी मला विचारलं, "बाई, तुमी इमानात बसलाय न्हवं? वरनं आपली वाडी दिसती का?"

"नाही हो मावशी, नुसते ढग दिसले."

"मंग एवढ्या वर कशाला जायाचं?" म्हणाल्या, आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी अंगणात ऊन खाताखाता मावशी गेल्या. सगळी तयारी झाली, पण एक गोष्ट अडली. आमच्याकडं बाईला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात, आणि मावशींच्या माहेरी कुणीच उरलं नव्हतं. संजय मला म्हणाला, "बाई, तुमीच आणा."

मी पायात चपला घालत होते, तेवढ्यात एक जीप अंगणाशी थांबली. अनोळखी बाया उतरल्या. पुढच्या बाईच्या हातात नवं कोरं लुगडं होतं. वाडीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमी कुठल्या म्हनायच्या?"

"इमानतळाकडच्या," ती डोळे पुसत म्हणाली. "मावशींच्या म्हायेरच्या."