पाण्याची वाट

पेडण्याच्या कृष्णनाथ वकिलांकडे घर विकायला माणूस आला, की वकील आधी त्याला कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसवत आणि मग विचारत, "बायल खंय?"

घर विकायला बायको कशाला हवी, म्हणून नवखा माणूस बिचकत असे. पण पोर्तुगीज गेले तरी त्यांचा कायदा गोव्यातच राहिला होता, आणि त्या कायद्याने लग्न झालं की नवऱ्याचं घर निम्मं बायकोचं आणि बायकोचं निम्मं नवऱ्याचं. दोघांच्या सह्या नसतील तर खरेदीखत म्हणजे नुसता टाईप केलेला कागद. इब्रामपूरच्या एका इसमाने कागदावर 'अविवाहित' लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा वकील शांतपणे म्हणाले, "तुज्या लग्नाक हांव जेवलां. भजीं बरीं आसलीं."

त्यांची दुसरी खोड म्हणजे सही होण्याआधी अख्खा दस्त मोठ्याने वाचून दाखवायचा. सत्त्याऐंशी साली गोवा राज्य झालं. त्याच्या आगेमागे दोन वर्षं राजभाषा कोकणी की मराठी यावरून गावागावांत सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबले. दस्त तेवढे आधी पोर्तुगीजमध्ये होते आणि आता इंग्रजीत होते, त्यामुळे ते दोन्ही भावांना सारखेच कळत नसत. वकील एकेक ओळ वाचत आणि गावच्या बोलीत तिचा अर्थ सांगत. शेवटी, विहिरीवर पाण्याला येणाऱ्या शेजाऱ्यांच्या हक्काचा ठरलेला प्रश्न: "तुज्या जाग्यांतल्यान पाण्याची वाट कोणाची? आतांच सांग, मागीर भांडण नाका."

त्याच वर्षी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी पार्श्याचं, जवळच्याच गावातलं, स्वतःचं घर विकायला काढलं. चार खोल्यांपैकी एकीत दिवा लागे. बाकीच्या तीन खोल्या झाडून घेण्यासाठी माणूस ठेवावा लागे, आणि त्या माणसाशी बोलायला काही नसे. कचेरीच्या मागे एक खोली होती. तिच्यात एक खाट मावत होती, आणि एका माणसाला तेवढी पुरते.

गिऱ्हाईक मिळालं ते आनंदा गवंडी. गडहिंग्लजकडचा, बारा वर्षं दुसऱ्यांची घरं बांधत पत्र्याच्या खोलीत राहिलेला. वकिलांनी त्याला बजावलं, "मी विकणारा आहे. तुमच्या बाजूने कागद तपासायला दुसरा वकील करा."

"दुसरा कशाला, सायेब? तो तुमालाच इचारायला येणार."

वकिलांनी मसुदा त्याच्यापुढे सरकवला. मग मसुदा बघताना आनंदाने विचारलं, "ह्ये दुसरं नाव कुणाचं?"

"माझ्या पत्नीचं. तिची सही लागते."

"घर तुमचं, मग बाईची सही कशाला? आमच्याकडं न्हाई असलं काय." आणि मग जरा दबकून, "वहिनी हायेत व्हय?"

वहिनी होत्या. वास्कोला होत्या. अठरा वर्षांपूर्वी प्रभावती भावजयीच्या बाळंतपणाला म्हणून भावाकडे गेली, ती तिथेच राहिली. भांडण झालं नव्हतं. ती बोलावण्याची वाट बघत होती आणि हे तिच्या येण्याची. प्रत्येक गोष्ट लेखी कळवावी असं अशिलांना सांगणाऱ्या माणसाने अठरा वर्षांत एक कार्ड टाकलं नव्हतं.

टायपिस्ट बाबली तीस वर्षं त्यांच्याकडे होता, त्यामुळे त्याला बोलायची मुभा होती. "सायबा, हांव वतां वास्को. सही घेवन सांजे परत."

"नको. दस्त वाचून दाखवावा लागतो."

मांडवीचा पूल आदल्या वर्षी कोसळला होता. म्हापशाहून बेतीपर्यंत बस, मग फेरीबोट, मग पुन्हा सरकारी कदंबची बस. कृष्णनाथ दस्त मांडीवर घेऊन बसले होते. सही मिळाली तर घर जाणार होतं. नाही मिळाली तर? या 'नाही तर'पाशी ते झुआरी नदी ओलांडेपर्यंत रेंगाळले, आणि तिथे आपल्याला बरं वाटतंय हे ध्यानात आल्यावर त्यांनी दस्त पुन्हा वाचायला घेतला.

प्रभावती जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात, मशीनवर ब्लाऊज शिवत होती. केस पिकले होते. तिने पाहुण्यांची कपबशी काढून चहा दिला, तेव्हा आपण इथे कोण आहोत ते वकिलांना समजलं.

"वाचात," ती म्हणाली.

"कृष्णनाथ, वय अठ्ठावन्न, वकील, विवाहित..."

"विवाहित?"

"कायद्यान."

"बरें. फुडें."

"आणि त्यांची पत्नी प्रभावती, वय त्रेपन्न, धंदा घरकाम..."

"कोणाच्या घराचें?" तिने दोरा दाताने तोडला. "शिवणकाम म्हण बरयात. सोळा वर्सां करतां."

त्यांनी पेनने दुरुस्ती केली. मग चतुःसीमा आल्या. पूर्वेला वहाळ, पश्चिमेला गाडीरस्ता, उत्तरेला काजूची बाग, दक्षिणेला लक्ष्मीचं घर. आत माड सात, विहीर एक. ते वाचत होते आणि ती मशीन थांबवून ऐकत होती. इतका वेळ ती दोघं लग्नानंतरच्या वर्षांतही बोलली नव्हती.

"आनी लक्ष्मीची वाट?"

"कसली?"

"पाण्याची. बांय खणताना तिच्या घोवान चार म्हयने माती काडली. हांवें तिका उतर दिलां, तूं मरसर हांगाचें पाणी व्हर म्हण. ती येना आतां?"

विहिरीसाठी नवऱ्याने उपसलेल्या मातीच्या बदल्यात मरेपर्यंत पाण्याचा शब्द मिळालेली लक्ष्मी येत होती. रोज सकाळी साडेपाचला रहाट कुरकुरायचा आणि त्या आवाजाने कृष्णनाथ उठायचे. चोवीस तासांत त्या घरात माणसाने केलेला तेवढाच एक आवाज. तालुक्यातल्या प्रत्येकाला पाण्याची वाट विचारणाऱ्या वकिलांनी स्वतःच्या दस्तात ती घातली नव्हती.

"ती वाटेची ओळ घालात," प्रभावती म्हणाली. "मागीर सही. पेडण्यां येवन करतां."

"पान पुन्हा टाईप करावं लागेल. आठ दिवस तरी लागतील."

परतीच्या फेरीबोटीत ते कठड्याशी उभे राहिले. एरवी ते आत बसत.

बाबलीने पान अर्ध्या तासात करून दिलं. वकिलांनी ते आठ दिवस तपासलं.

गुरुवारी ती आली. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत तिने लक्ष्मीच्या वाटेची ओळ कुठली ते विचारलं, तिच्यावर बोट ठेवून तेवढीच दोनदा वाचून घेतली आणि सही केली. अंगठे झाले, शिक्के बसले. नवं घर म्हणून आनंदाची बायको गंगा जरीचं लुगडं नेसून आली होती. तिने प्रभावतीचा हात धरला. "वैनी, घराकडं चला, च्या घ्यायाला. सायेब, तुमी बी चला की."

प्रभावतीने नवऱ्याकडे बघितलं. क्षणभर बघितलं, पण बघितलं.

"अशील यायचा आहे," कृष्णनाथ म्हणाले. त्या दिवशी कोणी यायचं नव्हतं.

दिवेलागणीला आनंदा पेढे घेऊन कचेरीत आला. वहिनींनी लक्ष्मीला कुंपणाजवळ बोलावून वाट दाखवली, गंगालाही दाखवली, रहाटाला तेल घाला म्हणाल्या, आणि चारच्या बसने गेल्या, असं त्याने सांगितलं. मग त्याला आठवलं.

"सायेब कुठं जेवत्यात, म्हणून इचारत हुत्या. मला काय ठावं? म्या म्हनलं, घरीच."

"बरोबर सांगितलंत," वकील म्हणाले आणि समोरचा दस्त उघडला. त्यात त्यांचा पत्ता अजून पार्श्याच्या त्या घराचाच होता.