समोरच्यांचा गिझर आणि आमचे बल्ब

कारंजाच्या भर बाजारात मी एका सरळमार्गी दुकानदाराला खोटा ठरवून आलो. पिशवीत सात गेलेले बल्ब होते. पंधरा दिवसांत सात, आणि सगळे गॅरंटीचे. "डुप्लिकेट माल ठेवता तुम्ही," असं मी चार गिऱ्हाइकांदेखत म्हणालो. त्याने एका बल्बचं टोपण काढून आतली जळून काळी झालेली चकती माझ्यापुढे धरली.

"सर, बल्ब बदलून देतो. पन पहिले घरचा करंट तपासा. शाळेत काय शिकवता तुमी?"

"विज्ञान," मी म्हणालो.

मागे कोणीतरी खोकलं. मी नवे बल्ब घेतले आणि एसटी धरली.

घरी बायकोने तोवर घरघंटीचा प्लग काढून तिच्यावर चादर टाकली होती. पिठाची ही छोटी गिरणी तिची स्वतःची. शिवणकाम करकरून घेतलेली. गल्लीतलं निम्मं दळण तिच्याकडे येतं.

"बल्बाचं जाऊ द्या. माही मोटर जळली तं?"

"चालव गं, काही होत नाही. बल्ब वेगळा, मोटर वेगळी."

"मंग सकाळी पाहा. समोरच्याईनं गिझर लावला का आपला बल्ब कसा फुलते थे."

ते मी पाहत होतोच. समोरच्या घरचे भाऊ रोज कुरकुरत, की गिझर लावून पाणी कोमटसुद्धा होत नाही. त्यावर मी त्यांना आमची लख्ख ओसरी दाखवायचो आणि "आमचं तर फुल आहे" म्हणायचो. आपलं नशीब चांगलं, असं माझं निदान होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको ओसरीत उभी राहून ओरडली, "भाऊजी, गिझर लावा!" आमचा बल्ब फुलला. "बंद करा!" उतरला. असं तिने तीनदा करायला लावलं. तिसऱ्यांदा नवा बल्ब टप्प करून गेला. गेलेल्या बल्बांच्या हिशेबाच्या वहीत मी 'आठ' लिहिलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी वही मिटून लाइनमनला फोन लावला.

तो दुपारी आला. आधी त्याने मेन स्विच पाडला, मग खांबाकडे मान वर करून बराच वेळ पाहत राहिला.

"सर, तुमची अन् समोरच्याईची फेज अलग आहे, पन न्यूट्रलची तार दोघाईची एकच. थे खांबावर ढिली झाली. परतीचा रस्ताच नाई. मंग दोन घराईत करंटाची वढाताण होते. गिझरवाल्याले कमी, तुमाले जास्ती."

मी मान हलवली. हे मी दरवर्षी फळ्यावर काढतो.

"पन तार तं जुनीच ढिली दिसते. मंग आताच काहून? अर्थिंग कुठी आहे तुमचं?"

मी अंगणातल्या नव्या सिमेंटकडे बोट दाखवलं. अर्थिंगच्या सळईपाशी बायको रोज भांड्यांचं पाणी ओतायची. आमच्याकडे सगळ्याच घरी ओततात. त्या चिखलाचा मला वैताग आला होता. म्हणून महिन्याभरापूर्वी मी सिमेंट टाकून अंगण चकाचक केलं आणि भांडी मागच्या मोरीत नेली.

"म्हन्जे पानी बंद झालं अन् अर्थिंग वायलं, कोरडं पडलं," लाइनमन म्हणाला. "तार ढिली होती तरी करंट त्या वल्या जमिनीतून परत जात होता. इतके दिवस वहिनीच्या पान्यावर निभलं, सर."

त्याने लाइन बंद करवली, खांबावर चढून तार कसली, खाली येऊन मेन चालू केला, आमच्या बोर्डाला व्होल्टेजचं मीटर लावलं आणि समोरून गिझर सुरू करायला सांगितलं. आकडा जागचा हलला नाही. समोरून भाऊंचा आवाज आला, "पानी तापलं, बाप्पा!"

बायकोने चादर काढली, दोन पायल्या ज्वारी घातली आणि बटण दाबलं. घरघंटी सुरू झाली. पीठ हातात घेऊन तिने बोटांनी चोळून पाहिलं, तेव्हा कुठे तिच्या खांद्यांचा ताण उतरला.

"बरं झालं वहिनी, मधात चालवली नाई," लाइनमन म्हणाला. "एका सकाळीत मोटर गेली असती. कोनं सांगतलं बंद ठेवाले, सरनं?"

मी हातोडी कुठे आहे ते शोधू लागलो. सिमेंट फोडायचं होतं.

"नाई जी," बायको म्हणाली. "सरचं बावीस वर्सं ऐकलं नाई, म्हनून तं घरातल्या चिजा टिकल्या."