मेणावरचा ठसा

सन २०२३. वय माझं अडुसष्ट. सोलापुरातल्या एका मैदानावर लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू मी सारखी करायचो. त्या दिवशी पासष्टच्या पुढच्यांच्या स्पर्धेत माझंही नाव होतं. छातीवर नंबर होता. तरी पंच म्हणाले, "मामा, पुढची उडी तुमचीच. पण आधी साहेबांची वाळू सारखी करा की."

लोक हसले. मी दाताळं उचललं. उचललं, ही माझी चूक.

साहेब म्हणजे मोठ्या हुद्द्यावरनं रिटायर झालेले, माझ्याच गटात उतरलेले. सकाळी पंचांबरोबर एकाच बाकावर चहा प्यालेले. काहीतरी शिजतंय, असा मला तेव्हापासनंच वास येत होता.

मी अनवाणी पळालो. मंगळवेढ्याकडं चौथीपर्यंत ओढ्यांवरनं उड्या मारतच शाळेला गेलो, बूट कुठले! साहेबांची खूण मीच पुसलेली, कुठं होती ते मला पक्कं ठाऊक. तिच्या हातभर पुढं पडलो.

लाल झेंडी.

"फाऊल. मेणावर ठसा उठलाय, बघा."

उडी जिथनं घ्यायची त्या फळीच्या पुढच्या कडेला मऊ मेणाची पट्टी असते. पाय पुढं गेला की उमटतो. सकाळी ती मीच बसवली होती, अंगठ्यानं गुळगुळीत करून. वाकून बघितलं. ठसा होता. खिळ्याच्या बुटाचा. माझ्या आधी उडी कुणी मारली? साहेब. त्यांना पांढरी झेंडी, म्हणजे उडी बरोबर.

मी तळपाय वर करून दाखवला. "ह्याला खिळं हायत का?"

साहेबच मधे बोलले, "अरे, कशाला हट्ट करतोस? संध्याकाळी शाल घालू तुला, सत्कार करू."

अडुसष्टाव्या वर्षी अरे-तुरे. आणि उडी गिळून वर शाल!

"शाल तुमीच पांघरा. माजी उडी मोजा."

"वाळू सारखी करा," पंच म्हणाले. म्हणजे माझी खूण मीच पुसायची.

दाताळं त्यांच्या पायाशी टाकलं. पंचांनी बुटानंच खूण पुसली. पण माझं ध्यान मेणावर होतं. एकानं नुसता अंगठा फिरवला असता की सगळं गेलं असतं. पट्टी उपसली, भाकरीच्या डब्यात घातली, झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेचं ऑफिस उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसलो. माझ्या वाकड्या अक्षरात चार ओळींचा अर्ज. क्लार्क म्हणाला, "ठेवून जा, बघू." ठेवून घेणारे मी लई बघितलेत. आधी पोचीवर शिक्का घेतला. डबा हातातनं सोडला नाही.

सचिव आले. मी डबा उघडला. चप्पल काढली, आणि त्यांच्या टेबलावर, त्या ठशाशेजारी पाय ठेवला.

"जुळवून दावा."