अजून एकदोन ठिकाणी विचारा

ज्या दिवशी मी सूड उगवला त्या दिवशी माझ्या डब्यात मेथीची भाजी होती. जिच्यावर सूड उगवला तिनेच ती सकाळी निवडून, परतून, भाकरीबरोबर भरून दिली होती. मी ती चाटूनपुसून खाल्ली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी स्वतःबद्दल काही गोडगोड लिहायला लागले तर वाचणाऱ्याने सावध राहावं.

आम्ही कराडला राहतो. नवरा सैन्यात, वर्षातून दोनदा सुट्टीवर येतो. मी तंत्रनिकेतनात शिकवते. लेक आठ महिन्यांची झाली आणि माझी रजा संपली. सासूबाई गावी, त्यांच्या दोन म्हशी त्यांच्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाहीत, त्यामुळे त्या कराडला आल्या की तिसऱ्या दिवशी एसटी स्टँडची वाट धरायच्या. तेव्हा आमच्या कॉलेजातल्या शिपाईकाकांनी त्यांच्या पाहुण्यातली एक पोरगी सुचवली. कवठे महांकाळ तालुक्यातली, बारावी झालेली. पुढे शिकायची हौस होती, पण वडिलांचा हॉस्टेलवर विश्वास नव्हता. ठरलं ते असं : तिने आमच्याकडे राहायचं, आम्ही खाऊ ते खायचं, फी आम्ही भरायची. सकाळचं बी.कॉम.चं कॉलेज करून ती साडेदहाला घरी येणार, मी अकराला बाहेर पडणार आणि सहाला परतणार. मधला वेळ लेक तिच्या ताब्यात.

वडील तिला सोडायला आले ते पिशवीभर बेदाणे घेऊन. जाताना मला म्हणाले, "मॅडम, आता पोरगी तुमची. रागावा, मारा, पर शिकवा."

मी तिला कधी मारलं नाही. रागावलेसुद्धा नाही, आणि याचा मला फार अभिमान होता. ताटात तिला आमच्याइतकंच वाढलं, दिवाळीला लेकीच्या आधी तिचा ड्रेस घेतला. शेजारणी म्हणायच्या, तुमच्याकडे पोरगी अगदी घरच्यासारखी राहते हो. ते ऐकायला मला आवडायचं.

पोरगी होतीच गुणाची. लेकीला ताप आला की रात्रभर मी जागी राहीन म्हणायचे, आणि डोळे उघडायचे तेव्हा ही तिच्या कपाळावर घडी बदलत बसलेली असायची. लेक वरण खायची नाही, ती हिच्या हातून खायला लागली. हिच्याच मागे भिंत धरून चालायला लागली. तिचं पहिलं पाऊल मी मोबाइलवर बघितलं.

घरात ती मला मॅडम म्हणायची. ताई म्हण, वहिनी म्हण, असं मी दोनदा सांगून बघितलं. तिची जीभ वळेना. आता घरात मला आई म्हणणारं दुसरं होतं कोण? लेकीच्या कानावर दिवसभर एकच. मॅडम येतील, मॅडमचा फोन आला, मॅडमची चप्पल ठेव. दीड वर्षाची झाल्यावर एका संध्याकाळी मी जिना चढून आले, तर लेक दारातून आत बघून त्या पोरीला ओरडून म्हणाली, "अक्का, म्याडम आल्या." समोरच्या शेजारणीला हसू आवरेना. मीही हसले. रात्री नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तोही हसला, म्हणाला तिला आता पगार चालू कर. मी फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून रडले.

पडल्यावर अक्का, झोपताना अक्का. रविवारी मी मांडीवर घेतलं की जरा वेळ बसायची आणि मग उतरून अक्काला शोधत जायची, पाहुण्यांकडे बसून कंटाळलेल्या मुलासारखी. त्या पोरीचा यात काडीचा दोष नव्हता हे मला कळत होतं. कळून काय उपयोग? मला तिचा राग यायचा. आणि राग काढावा असं ती काही करत नव्हती, म्हणून तो आणखी यायचा.

अशी दोन वर्षं गेली. गावच्या जत्रेला म्हणून ती चार दिवस घरी जाऊन आली. नेहमीसारखे बेदाणे आणले, लेकीला कडेवर घेतलं, कामाला लागली. जत्रा कशी झाली विचारलं तर "झाली की बरी" म्हणाली. आठवड्याने मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसले होते, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला.

"आवं मॅडम, तुमच्याकडं ती कवठ्याकडची पोरगी ऱ्हाती न्हवं? आमी कोरेगावचं. माझ्या भाच्यासाठी बघून आलोय. भाचा खताच्या दुकानात असतोय, सोताचं दुकान हाय. तिच्या वडलांनीच तुमचा नंबर दिला. म्हणलं, दोन वर्षं ज्यांच्या घरात हाय त्यांनाच इचारावं. पोरगी कशी हाय?"

माझ्या घरात राहून, माझ्या ताटातलं खाऊन हिने बघण्याचा कार्यक्रम उरकला आणि मला चकार शब्द नाही. जत्रा झाली की बरी. म्हणजे ठरलं की ही चालली, आणि मला सांगणार निघायच्या दिवशी. माझी लेक अक्का-अक्का करत दारात बसणार आणि मी कोण, तर मॅडम.

आमच्याकडे स्थळाची चौकशी केली तर कुणी वाईट बोलत नाही. वाईट बोलणारा पापाचा धनी होतो आणि पुढे भांडणाचाही. ज्याला स्थळ मोडायचं असतं तो फक्त जरा थांबतो. मी थांबले. लाल पेनचं टोपण लावलं. मग म्हणाले, "कामाला चांगली आहे."

"बरं. आणि?"

"बाकीचं मी काय सांगणार हो? मी दिवसभर बाहेर असते. तुम्ही अजून एकदोन ठिकाणी विचारा."

पलीकडच्या बाईंनी आवाज खाली आणला. म्हणाल्या, "समजलं. लय बरं झालं सांगितलंसा."

मी एकही शब्द खोटा बोलले नव्हते. पोरगी कामाला चांगली होती आणि मी दिवसभर बाहेर असायचे. डबा खाल्ला तो त्यानंतर. दुपारचा तास इतका छान झाला की मागच्या बाकावरची पोरंही वहीत लिहीत होती.

चार दिवसांनी तिच्या वडिलांचा फोन आला. कोरेगावकरांनी नाही म्हणून कळवलं होतं, कारण सांगितलं नव्हतं. "तुमी जरा तपास लावता का, मॅडम? तुमच्या वळखी आसतील तिकडं." मी बघते म्हणाले. स्वयंपाकघरात पोरगी पोळपाटावर मान घालून रडत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जाऊ दे गं, तुझं शिक्षण तरी पूर्ण होईल. मला सांगितलं असतंस तर मीच बघितलं असतं नीट." करून सवरून नामानिराळी. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. शिवाय माझी अजून वर्षभराची सोय झाली.

त्या भाच्याचं त्याच उन्हाळ्यात दुसरीकडे लग्न झालं. पोरीची मामी नेमकी त्या मांडवात होती, आणि फोन केलेल्या त्या कोरेगावच्या आत्याबाईंनी जेवणाच्या पंगतीत सगळं सांगितलं. मला हे कळलं ते असं : एका संध्याकाळी कणीक मळता मळता पोरीने वर न बघता विचारलं, "मॅडम, कोरेगावच्या माणसांचा तुमाला फोन आलता?"

"आला होता. मी चांगलंच सांगितलं."

"व्हय. मामी सांगत होती."

बस्स एवढंच. ती कणीक मळत राहिली. आता ही भांडेल, बॅग भरेल, बापाला बोलावेल, म्हणून मी आठ दिवस उत्तरं तयार ठेवून फिरत होते. तिने काहीच केलं नाही. फक्त लेकीला एक नवीन धडा द्यायला लागली. "मॅडम न्हाई म्हणायचं. आई म्हण. मॅडम माझ्या हायत, तुझी आई हाय." घास भरवायची वेळ आली की वाटी माझ्या हातात द्यायची आणि उठून जायची. झोपताना लेक तिच्याकडे धावली की माझ्या अंथरुणात आणून ठेवायची. सहा महिन्यांत लेक मला आई म्हणायला लागली. मला वाटलं, जिरली हिची, घाबरली. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला, वडील न्यायला आले, ती माझ्या पाया पडली आणि गेली. लेकीने टाटा केला. लेक एकदाही रडली नाही, आणि याचं श्रेयसुद्धा मी तेव्हा माझ्याकडेच घेतलं.

मग खरे हाल सुरू झाले. लेकीची बालवाडी बाराला सुटायची. मी एका बाईंकडे तिला ठेवलं, तिथे महिन्यातून दोनदा आजारी पडायची. शिपाईकाकांनी पुन्हा त्यांच्या भागात शब्द टाकला. एका घरची माणसं येतो म्हणाली आणि आलीच नाहीत. दुसऱ्या घरचा फोन लागेना. शिपाईकाका मान खाजवत म्हणाले, "तिकडची माणसं आधी तिलाच इचारत्यात, मॅडम. ती ऱ्हायलीवती ना तुमच्याकडं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे ही आता डाव साधतेय. तीन वर्षं खाल्लेल्या घराचे वासे मोजतेय. ती सांगलीत एका पतसंस्थेत लागली होती एवढं मला माहीत होतं. मी दोन दिवस खटपट करून तिथल्या साहेबांचा नंबर मिळवला. त्यांनी काही विचारलं नसलं म्हणून काय झालं, ओळखीच्या ओळखीने बोलणं काढता येतं. काय बोलायचं, कुठे थांबायचं, सगळं मी ठरवून ठेवलं. सोमवारी सकाळी फोन करायचा. खरं सांगते, त्या विचाराने मला शांत झोप लागली.

रविवारी अकरा वाजता एक बाई आपल्या पोरीला घेऊन दारात उभ्या. येतो म्हणून न आलेल्या त्याच घरच्या. घरात दुखणं निघालं म्हणून राहिलं, म्हणाल्या. बाईंनी घर बघितलं, पाणी प्यायल्या, पोरीला लेकीजवळ बसवलं. लेक लगेच रंगवायची वही घेऊन तिच्या मांडीवर. मला राहवेना. मी विचारलं, "आधीच्या मुलीशी बोललात का?"

"बोललो की. सांगलीला जाऊन भेटून आलो तिला. लय चांगलं सांगितलं तिनं. म्हणाली, घर सोन्यासारखं हाय. पोटभर मिळंल, शिकायला मिळंल, मॅडम कवा आवाज चढवून बोलत न्हाईत. बिनघोर ठेवा म्हणाली."

सोमवारचा नंबर माझ्या हातातल्या मोबाइलमध्ये होता.

"फकस्त येक सांगितलं तिनं," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात छक्केपंजे नव्हते, जसं ऐकलं तसं सांगत होत्या. "पोरीला स्थळ आलं तर चौकशीला मॅडमचा नंबर देऊ नका, म्हणाली. आवं, आसं का म्हणाली आसंल ती?"

त्यांची पोरगी रंगवायचं थांबून माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे दहा उत्तरं होती, दहाही पटण्यासारखी.

"तिने सांगितलंय तसंच करा," मी म्हणाले.

बाईंनी माझ्यावरची नजर काढून पोरीकडे बघितलं. मग बरं म्हणाल्या, आणि दाराबाहेर ठेवलेली पोरीची बॅग आत घेतली.