हिराबाईची शेरडं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — तो म्हणेल, जाऊ दे ना, झालं ते झालं. म्हणूनच नाही सांगितलं.

मी परभणीची. राहायला भुकूमला, नोकरी संगणकाची. जुन्या देवळांचे ड्रोनने फोटो काढायचे आणि भेग कुठली, सरकलेला दगड कुठला, हे संगणकाला ओळखायला शिकवायचं. सासरी केवढं कौतुक माझं!

माले गावाजवळचं एक दगडी देऊळ आमच्याकडे आलं. आता देऊळ म्हटलं की तेलाचे ओघळ, काजळी, हळदीचा भंडारा — आणि आमचं येडं मशीन प्रत्येक ओघळाला भेग समजून लाल खूण करायचं. मग मी एकेक फोटो उघडून त्या खुणेवर 'डाग' असं लिहायचे.

मंडपाच्या दगडी तुळईवरही लाल खूण आली. मी फोटो मोठा करून पाहिला. डाग होता का तो? छे. बोट जाईल एवढी भेग होती, भंडाऱ्याने भरलेली. मला दिसली हो — चांगली स्वच्छ दिसली. पण दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांना काम दाखवायचं होतं. भेग म्हटलं की पुन्हा माल्याला जा, शिडी लावा, सगळं लांबवा. मी 'डाग' लिहिलं आणि जेवायला गेले. शाबासकी मिळाली, बढतीसुद्धा.

पावसाळा सरला आणि तुळई कोसळली. खाली गावातल्या हिराबाईचा नवरा टेकला होता. त्याचा पाय गुडघ्यापासून गेला. दोघं शेळ्यामेंढ्या राखायची. दुपारी शेरडं मंडपाच्या खांबाला बांधून सावलीला बसायची. झालं, गावाला कारण सापडलं — हिच्याच शेरडांनी हिसके देऊन खांब हलवला.

ऑफिसने पाहणीला पाठवलं म्हणून मी तिथे गेले तेव्हा एवढंच म्हणायचं होतं — भेग आधीपासून होती, मी पाहिली होती. जीभ झडली असती का माझी? नोकरी जाईल, चारचौघांत छी-थू होईल, याचीच भीती. सरपंचांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "शेरडांमुळे होऊ शकतं." इतकी हलकट निघाले मी.

मग हिराबाई माझ्याजवळ आली. गावाचं म्हणणं तिने मानलंच नव्हतं. पण मशीन खोटं बोलत नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"ताई, तुमची मशीन बी त्येच म्हंती व्हय?"

मी "हो" म्हणाले.

 खांबाला राहिलेलं दावं तिने सोडून घेतलं आणि ती गेली. पुढे शेरडं विकली. देवळाकडे फिरकत नाही म्हणतात. नवऱ्याचा पाय आपल्यामुळे गेला, असं ती आजही धरून बसली आहे.

मशीनने भेगच सांगितली होती. "हो" मी म्हणाले.